मशीन अंगठा घेत नाही, त्याची गोष्ट

"आपल्याकडची माणसं नवीन काही लवकर स्वीकारत नाहीत." हे वाक्य मी जव्हारच्या कचेरीबाहेर ऐकलंय, मोखाड्याच्या एसटी स्टँडवर ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर एके काळी मी स्वतःही ते बोललोय. परवा रेशनच्या रांगेत ते पुन्हा कानावर पडलं आणि डोक्यात बसलं. म्हणून ही पोस्ट. मोठी झालीय, सवडीने वाचा.

झालं असं. आमच्या बाजूच्या एका रेशन दुकानात पाड्यावरची एक आजी आली होती. पॉस मशीन खिडकीच्या गजाला टांगलेलं, कारण रेंज तिथेच येते. आजीने अंगठा लावला, मशीन घेईना. लुगड्याला पुसून परत लावला. मग पहिलं बोट, मग मधलं, मग दुसरा हात. आवणी नुकतीच संपलेली. दोन-अडीच आठवडे चिखलात हात घातल्यावर बोटांची कातडी काय राहते ते आपल्याला माहीत आहे. त्याआधीची कित्येक वर्षं वीटभट्टीवर गेलेली. रेषा उरल्यात कुठे?

मागचा एक पोरगा म्हणाला, "आजी, आता जमाना मशीनचा आहे. शिकून घ्या." तेवढ्यात कोणीतरी वरचं ते वाक्यही टाकलं. आजी वळून म्हणाली, "जल्मभर अंगठा दिला रे पोरा. तव्हा कोणी नाही म्हणला नाही. आता दाणं घ्यायची येळ आली त अंगठा चालत नाही."

रांग हसली. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र लक्षात आलं, की तिने एका ओळीत आपल्या भागाचा शंभर वर्षांचा इतिहास सांगितला होता. तो जरा उलगडून बघू.

सुरुवात लांबून करावी लागेल, बंगालमधून. १८५८ साली जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. रस्त्याचा माल पुरवणाऱ्या एका स्थानिक ठेकेदाराशी करार करताना त्याने त्या माणसाच्या अख्ख्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. हेतू काय? पुढे हा माणूस "ही सही माझी नाही" म्हणू नये, त्याच्या मनात धाक बसावा. हे हर्शेलनेच नंतर लिहून ठेवलं आहे. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय उघडलं. ठशांची वर्गवारी कशी करायची ही पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावावर गेली, पण त्यामागचं बरंचसं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदुस्थानी कर्मचाऱ्यांचं होतं. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात हे तंत्र पोचलं १९०१ मध्ये.

म्हणजे अंगठ्याचं तंत्रज्ञान काही परदेशातून आपल्याकडे आलेलं नाही. ते आपल्याच देशात जन्मलं, आणि त्याच्या मुळाशी एकच गृहीत होतं: समोरचा माणूस खोटं बोलणार. कागदावर विश्वास, माणसावर नाही.

आता आपल्या भागाकडे या. जव्हार तेव्हा मुकण्यांचं संस्थान, १९४८ पर्यंत वेगळं. मोखाडा मात्र इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात. १९३६ च्या सरकारी आदेशात 'अंशतः वगळलेला प्रदेश' म्हणून जी यादी निघाली, त्यात ठाणे जिल्ह्यातून डहाणू, शहापूर, उंबरगाव पेटा आणि आपला मोखाडा पेटा होता. या भागांतल्या आदिवासींची स्थिती बघायला मुंबई सरकारने सिमिंग्टन नावाचा अधिकारी नेमला. १९३० च्या दशकाच्या शेवटी त्याचा अहवाल आला. सावकार, जमीनदार, जंगलखात्याची शिपुर्डी मंडळी आणि वेठ, सगळं त्यात आहे. अहवाल लिहिणारा आंदोलक नव्हता, सरकारचाच माणूस होता, हे लक्षात ठेवा.

त्या काळात लग्नासाठी शेठकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायकोने त्याच्या घरी राबायचं, याला लग्नगडी म्हणत. कर्ज किती, व्याज किती, फिटलं किती, हे सगळं शेठच्या वहीत. वही शेठची, लिहिणारा शेठचा, वाचणाराही शेठच. आपल्या माणसाचं काम एकच, अंगठा द्यायचा. काही घरांत बापाचं कर्ज पोराच्या अंगावर आलं. १९४५ मध्ये डहाणू-उंबरगाव पट्ट्यात वारली उठले, त्याचं एक कारण ही वेठ होतं. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्याच लढ्याचं आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा. वेठबिगारी कायद्याने बंद व्हायला मात्र १९७६ साल उजाडलं.

म्हणून आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना कोणी "इथे अंगठा लावा" म्हटलं, की ते आधी विचारायचे, "काय लिहिलंय ते वाचून दाखव." कोणाला तो अडाणीपणा वाटेल. मला आता तो फार महागात शिकलेला शहाणपणा वाटतो.

आता माझी कबुली. साधारण २०१२ च्या सुमाराला आमच्याकडे आधारची शिबिरं लागली, तेव्हा मी कॉलेजात होतो. फॉर्म भरून द्यायला मी पुढे. पाड्यापाड्यावर जाऊन लोकांना मीच सांगायचो, "घाबरू नका. देशातला पहिला आधार आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारच्या टेंभलीत दिला, आदिवासी बाईला दिला, पंतप्रधान आले होते." खरंच होतं ते, २९ सप्टेंबर २०१०. एक म्हातारे मामा तेव्हा म्हणाले होते, "अंगठा देऊ. पण उद्या अंगठा नाही जुळला त मी कोण?" मी म्हणालो, "मामा, अंगठा कधी बदलत नाही. विज्ञान आहे ते."

मामांचा प्रश्न बरोबर होता. माझं उत्तर अर्धवट होतं. अंगठा बदलत नाही, पण झिजतो. आणि ऑफिसात बसणाऱ्याच्या अंगठ्यापेक्षा दगड फोडणाऱ्याचा जास्त झिजतो. म्हणजे ज्याला धान्याची सगळ्यात जास्त गरज, त्याचाच अंगठा मशीनला सगळ्यात कमी कळतो.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर कोणी म्हणेल हा एकतर्फी लिहितो. मशीन यायच्या आधी रेशनच्या रजिस्टरमध्ये काय चालायचं ते आपण विसरलो का? माणूस जगायला भिवंडीला गेलेला आणि इकडे त्याच्या नावावर गहू उचललेला. कार्ड दुकानदाराकडेच ठेवलेलं. वहीसुद्धा खोटं बोलायचीच. मशीन आल्यावर ते बऱ्याच ठिकाणी अवघड झालं. शिवाय आता वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब तिकडच्या दुकानातूनही आपलं धान्य उचलू शकतं. ही सोय मोठी आहे, मी नाकारत नाही.

पण फरक बघा. आधी चोरी झाली तर चोर दुकानात होता, त्याला पकडता यायचं. त्याच्याशी भांडता यायचं. तहसीलला मोर्चा नेता यायचा. आता मशीन 'नाही' म्हणतं तेव्हा भांडायचं कोणाशी? दुकानदार म्हणतो माझ्या हातात नाही. वर विचारलं तर सर्व्हर. चोर शोधायचा होता, आणि तपासणी मात्र भुकेल्याची सुरू झाली. हर्शेलचंच गृहीत पुन्हा: समोरचा खोटं बोलणार.

हे इतकं मनावर का घ्यायचं, असं बाहेरचा माणूस विचारेल. त्याला वावर-वांगणी सांगा. १९९२ साली आपल्या जव्हार तालुक्यात त्या पट्ट्यात कुपोषणाने आणि आजाराने शंभरावर बालकं गेली. तेव्हा देशभरातले पत्रकार इथे आले, मंत्री आले. आपल्याकडे रेशनचं एक पोतं म्हणजे निव्वळ आकडा नाही. पावसाळ्यात घरातली नागली-वरई संपलेली असते, तेव्हा अंत्योदय कार्डावरचं ३५ किलो धान्य नाहीतर प्राधान्य कार्डावरचं माणशी ५ किलो, यावर चूल चालते. एक महिना चुकला तर घरात कोणीतरी कमी जेवतं. आणि कोण कमी जेवतं तेही आपल्याला माहीत आहे.

बरं, आपली माणसं नवीन काही घेतच नाहीत, हे तरी खरं आहे का? डिझेलच्या इंजिनवर चालणारी गिरणी आली तेव्हा बायकांना कोणी समजावून सांगितलं होतं? पहाटे उठून जात्यावर नागली दळणाऱ्या बाईने गिरणी बघितली आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर टोपलं घेऊन चालायला लागली. चिमणीच्या जागी बॅटरी आली, तिला कोणी विरोध केला? मोबाइल तर ज्या पाड्यात वीज धड नाही तिथेही पोचला. चार्जिंगला दुसऱ्या पाड्यावर नेतात, पण फोन आहे. का? कारण त्याचं बटण आपल्या हातात आहे. चाललं तर आपलं, नाही चाललं तर ठेवून दिलं. घरचं जेवण त्यावर अडत नाही.

२०२० चं लॉकडाऊन आठवा. सगळीकडे ऑनलाइन शाळा. आपल्याकडे पोरं रेंजसाठी टेकडीवर चढायची, आणि स्मार्टफोन होते तरी किती घरांत? तेव्हा आपल्याच भागात, दांडवळसारख्या गावांत, दिगंत स्वराज फाउंडेशनच्या कार्यकर्त्यांनी 'बोलकी शाळा' चालवली. लाऊडस्पीकर घ्यायचा, त्यावर आधीच रेकॉर्ड केलेला धडा लावायचा, पोरं अंतर ठेवून समोर बसून शिकायची. लाऊडस्पीकर! लग्नात वाजतो तो. जगभरच्या बातम्यांत आलं ते. तंत्रज्ञान जुनं होतं, पण पोरापर्यंत पोचत होतं. पोरगं स्पीकरपाशी नाही, स्पीकर पोरापाशी जात होता.

याच्या उलट उदाहरण रोजगार हमीचं. ही योजना महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात देशाला दाखवली. तेव्हा कागदी मस्टर होतं. त्यात खोटी नावं घुसायची, हेही खरं. मग मनरेगात १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल अ‍ॅपवर हजेरी सक्तीची झाली, दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो. आता मोखाड्याच्या एखाद्या दरीत बांधबंदिस्तीचं काम चालू आहे आणि तिथे रेंजच नाही. माती उपसली हे खरं, घाम गाळला हे खरं. पण फोटो चढला नाही तर तो दिवस भरला की नाही, ही धाकधूक मजुराला.

आणि मोठ्या यंत्रांबद्दल तर आपण बोलूच नये. मोखाडा-शहापूरच्या हद्दीवर मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये सुरू झालं. मुंबईला त्यातून दिवसाला ४५.५ कोटी लिटर पाणी जातं. उत्तम धरण, अभियंत्यांना सलाम. आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर. हे बघत मोठा झालेला माणूस नवीन योजनेच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवायच्या आधी "आमच्या वाट्याला काय?" असं विचारतो, तर त्याचं काय चुकलं?

माझ्या मते आपल्याकडच्या शंकेचं सार एवढंच आहे. यंत्र कसं चालतं हा आपल्या म्हाताऱ्यांचा प्रश्न कधीच नव्हता. यंत्र बंद पडलं तर माझं काय, हा त्यांचा प्रश्न आहे. मामांनी तोच विचारला होता. त्याला मागासलेपण म्हणण्याआधी त्याचं उत्तर द्यायला हवं.

गंमत म्हणजे उत्तर कागदावर आहे. आधार प्राधिकरणानेच २४ ऑक्टोबर २०१७ ला परिपत्रक काढलंय. अंगठा जुळला नाही तर डोळ्याने किंवा मोबाइलवरच्या ओटीपीने बघा, घरातल्या दुसऱ्या माणसाचं घ्या, आणि तेही जमलं नाही तर वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून लाभ द्या, असा त्याचा अर्थ. बोटं जुळत नाहीत म्हणून कोणाचा हक्काचा लाभ बंद होता कामा नये, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ च्या आधार निकालात अधोरेखित केलं.

त्या दिवशी मी दुकानात ते रजिस्टर मागितलं. दुकानदार चांगला माणूस आहे, त्याच्यावर माझा राग नाही. तो म्हणाला, "असं रजिस्टर असतं हे मला कोणी सांगितलंच नाही." शेवटी साध्या वहीत नोंद केली, मी साक्षीला सही केली आणि आजीला धान्य मिळालं. पण त्याआधीचे दोन महिने ती रिकाम्या पिशवीने परत गेली होती. ते दोन महिने कुठल्याच आकडेवारीत नाहीत.

तेव्हा एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या दुकानात ते रजिस्टर आहे का? गेल्या सहा महिन्यांत किती जणांचा अंगठा आला नाही? आणि त्या प्रत्येकाला धान्य मिळालं का? उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. आपला पेसाचा भाग आहे, इथे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे, ते वापरू या. आणि म्हाताऱ्यांसोबत घरातलं एक तरुण माणूस दुकानात पाठवा. रांगेत हसायला नाही, बोलायला.

त्या मामांना आता जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं माझ्याकडून राहूनच गेलं. ते निदान या आजीच्या बाबतीत तरी राहू नये.

तुमच्या गावात काय अनुभव आहे ते खाली लिहा. गावाचं नाव लिहा, कोणा माणसाचं नको.