जुन्या मित्राला भेटायला नगर जिल्ह्यात चाललाय? वाइनरी, जेवण आणि परमिटचं सगळं गणित समजून घ्या

शाळेतला किंवा हॉस्टेलवरचा मित्र संगमनेर, अकोले नाहीतर श्रीरामपूरला स्थायिक झालेला असतो. दर वर्षी "एकदा येच" असा निरोप येतो आणि दर वर्षी ते राहून जातं. मग एखाद्या लाँग वीकेंडला बेत ठरतो. दोन दिवस भंडारदरा, एखादी वाइनरी आणि बाहेरचं जेवण. ग्रुपवर लगेच प्रश्न सुरू होतात. नगर जिल्ह्यात वाइनरी आहे का? परमिट लागतं का? गाडी कोण चालवणार? अण्णा हजारेंच्या जिल्ह्यात हे चालतं का?

शेवटचा प्रश्न थट्टेत विचारला जातो, पण त्याचं उत्तर सगळ्यात रंजक आहे.

आधी नकाशा बघू. अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचं अहमदनगर, क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा आहे. १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला आणि १४ तालुक्यांचा. त्यामुळे "नगरला चाललोय" एवढं सांगून काहीच कळत नाही. अकोल्यातला मित्र सह्याद्रीच्या कुशीत राहतो, तर जामखेडचा मित्र मराठवाड्याच्या उंबऱ्यावर. वाइनरीचं ठिकाण मित्राच्या तालुक्यावरून ठरवा.

गंमत अशी की वाइनच्या पर्यटनासाठी जिल्ह्याची हद्द ओलांडावी लागते, पण थोडीच. भंडारदऱ्याहून घोटीकडे निघालं की अंदाजे तासाभरात इगतपुरी तालुका लागतो. तिथे मुकणे धरणाच्या परिसरात वालोने व्हिनयार्ड्स आहे आणि सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा. ग्रोव्हर मूळची बंगळुरूजवळची कंपनी. २०१२ साली ती नाशिकच्या 'व्हॅली द व्हँ'मध्ये विलीन झाली आणि हे जोडनाव तयार झालं. संगमनेरच्या मित्राकडे उतरला असाल तर पुणे-नाशिक महामार्गाने सत्तरेक किलोमीटरवर नाशिक, आणि पुढे गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आणि यॉर्क. श्रीगोंदा-कर्जतकडच्यांना नाशिक लांब पडतं. त्यांना दौंड तालुक्यातलं रोटी जवळ. तिथे फोर सीझन्सची एखाद्या युरोपियन गढीसारखी इमारत उभी आहे. आणखी खाली अकलूजला फ्रातेल्लीच्या बागा आहेत.

फ्रातेल्लीची गोष्ट मित्रांच्या सहलीत सांगण्यासारखी आहे. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ 'भाऊ'. इटलीतले सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन घरांनी मिळून हा उद्योग उभा केला. उसाच्या पट्ट्यात इटलीहून आलेली द्राक्षाची रोपं लावायची, ही कल्पना तेव्हा बऱ्याच जणांना खुळेपणाची वाटली असेल.

वाइन म्हटलं की सगळ्यांना नाशिक आठवतं, पण महाराष्ट्रातल्या आधुनिक वाइनचं पहिलं मोठं नाव नारायणगावचं. १९८० च्या दशकात शाम चौगुले यांनी तिथे शाम्पेन इंडाज ही कंपनी काढली. तिची फेसाळ वाइन 'ओमर खय्याम' या नावाने परदेशात जायची. पुढे ही कंपनी कर्जात बुडाली आणि बंद पडली. १९९० च्या दशकात अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकच्या घरच्या जमिनीत वाइनची द्राक्षं लावली. आईच्या नावावरून, सुलभावरून, 'सुला' हे नाव दिलं. पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाइनला करात मोठी सवलत दिली, आणि नाशिकजवळ विंचूरला व सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले. २००५ मध्ये सुलाने टेस्टिंग रूम उघडली. शेत बघायला या, कारखाना बघा, चाखा, आवडली तर बाटली घ्या. भारतात वाइन पर्यटन रुजायला इथून सुरुवात झाली.

कधी जायचं?

सरळ उत्तर: जानेवारी ते मार्च. वाइनच्या द्राक्षांची तोडणी याच काळात होते. युरोपात हा हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये येतो, आपल्याकडे मात्र वेलीची दोनदा छाटणी करून फळ थंडीत आणलं जातं. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. मे-जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलात आणि जोडून वाइनरीला वळलात, तर वेलींवर एकही घड दिसणार नाही. पावसाळ्यात रंधा धबधबा आणि रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघून डोळे निवतात, पण द्राक्षाच्या बागेत तेव्हा फक्त पानं असतात. दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या हव्या असतील तर जानेवारी. तेव्हा धरणात पाणी असतं, हवेत गारवा असतो आणि वेलीवर माल असतो.

बागेत गेल्यावर द्राक्ष तोंडात टाकून "हे आपलं खायचं द्राक्ष नाही" असं बहुतेक जण म्हणतात, आणि ते बरोबर असतं. खायचं थॉम्पसन सीडलेस मोठं, पातळ सालीचं आणि बिनबियांचं. वाइनचं शिराज किंवा कॅबर्ने सॉव्हिन्यॉं लहान, जाड सालीचं आणि बियांचं. रेड वाइनचा रंग सालीतून येतो. रस काळ्या द्राक्षांच्या सालीसकट आंबवला की रेड. पांढरी वाइन करताना साल आधीच बाजूला काढतात. यीस्ट द्राक्षातली साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं आणि ते साधारण १२ ते १४ टक्क्यांवर थांबतं. व्हिस्की-रममध्ये हेच अल्कोहोल उकळून, वाफ थंड करून ४२ टक्क्यांच्या आसपास नेलेलं असतं. म्हणून वाइन 'सौम्य', पण नशा करणारा घटक दोन्हीकडे एकच आहे.

टेस्टिंगमध्ये चार-पाच प्रकार थोडेथोडे ओतून देतात. रंग बघा, ग्लास फिरवा, वास घ्या, मग घोट. घोट थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि ते वापरणं असभ्य मानलं जात नाही. उलट जाणकार तेच करतात. मित्रांच्या घोळक्यात हे कोणी करत नाही, हा भाग वेगळा.

जेवायला काय?

वाइनरीतल्या रेस्टॉरंटमध्ये पिझ्झा-पास्ता मिळतोच. पण नगरच्या मित्राकडे जाऊन पास्ता खाणं म्हणजे संधी वाया घालवणं. शेंडी आणि भंडारदऱ्याच्या परिसरात घरगुती जेवण देणाऱ्या खाणावळी आहेत, फक्त सकाळीच सांगून ठेवावं लागतं. पिठलं-भाकरी, गावरान कोंबडीचा रस्सा, ठेचा आणि भात. या भाताकडे लक्ष द्या. अकोले तालुक्यात काळभात, रायभोग अशा जुन्या वाणांचा तांदूळ अजून पिकतो. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपण्याच्या कामासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. नगर भागात असाल तर मित्राला शिपी आमटी कुठे चांगली मिळते ते विचारा. डाळींची, झणझणीत, वर तर्री असलेली ही आमटी भाकरी चुरून खायची असते. हॉटेलपेक्षा मित्राच्या घरी ती चांगली मिळण्याची शक्यता जास्त.

आता जोडीचं. तिखट जेवणाबरोबर गडद रेड घेतली तर तोंड आणखी पेटतं. रेडमधला तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीची आग वाढवतात. रश्शाबरोबर थंडगार शेनँ ब्लाँसारखी किंचित गोडसर पांढरी वाइन बरी. रेड ठेवा भाजलेल्या मटणासाठी. आणि विकत घेतलेली बाटली उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवू नका. दोन तासांत तिची रया जाते.

आता मुद्द्याचं: अण्णांच्या जिल्ह्यात वाइन?

भंडारदऱ्याच्या काठावर बसून जे पाणी दिसतं, ते विल्सन धरणाचं. इंग्रजांनी १९१० ते १९२६ या काळात प्रवरा नदीवर ते बांधलं. कालव्यांनी श्रीरामपूर-राहाता भागात ऊस आला, उसापाठोपाठ साखर कारखाने आले. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी उभारलेला सहकारी कारखाना तर पाठ्यपुस्तकातच आहे. साखर काढल्यावर मळी उरते आणि मळीतून अल्कोहोल निघतं. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरला १९३३ साली महादेव डहाणूकर यांनी साखर कारखाना काढला होता. त्यातूनच आजची टिळकनगर इंडस्ट्रीज झाली. दक्षिण भारतात प्रचंड खपणारी मॅन्शन हाउस ब्रँडी याच कंपनीची. जुलै २०२५ मध्ये तिने इंपीरियल ब्लू हा व्हिस्कीचा ब्रँड विकत घ्यायचा करार जाहीर केला, तेव्हा आकडा चार हजार कोटींच्या वर होता. लोकमान्यांच्या नावाचं गाव, साखरेचा कारखाना आणि त्यातून ब्रँडी, असा हा प्रवास आहे.

याच जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. सैन्यातून परतल्यावर १९७५ च्या सुमारास अण्णांनी गावात काम सुरू केलं. पाणलोटाच्या कामांइतकीच तिथली दारूबंदी गाजली. तेव्हा गावात हातभट्ट्या होत्या, त्या बंद झाल्या. पिऊन आलेल्याला खांबाला बांधून मारण्याचे प्रकारही झाले, आणि त्यावर आजही टीका होते. निघोजला, म्हणजे कुकडी नदीतल्या रांजणखळग्यांसाठी लोक जातात त्या गावाला, महिलांनी 'बाटली आडवी' करण्यासाठी लढा दिला. आणि २०१७ साली जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत नगर तालुक्यातल्या पांगरमलला विषारी दारूने बळी घेतले. जिल्ह्यातल्या अनेक घरांत दारू म्हणजे गमावलेला माणूस, ते असं.

म्हणून २७ जानेवारी २०२२ चा निर्णय इथे एवढा पेटला. तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने एक हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी दिली. द्राक्ष उत्पादकांना फायदा होईल आणि वाइन म्हणजे दारू नाही, अशी सत्ताधाऱ्यांची बाजू होती. विरोधात बसलेल्या भाजपने महाराष्ट्राचं 'मद्यराष्ट्र' होईल म्हणून टीका केली. अण्णांनी १४ फेब्रुवारीपासून यादवबाबा मंदिरात बेमुदत उपोषण करायची घोषणा केली. लोकांच्या हरकती मागवल्याशिवाय अंमलबजावणी होणार नाही असं सरकारने सांगितलं आणि उपोषणाच्या आदल्या दिवशी ते स्थगित झालं. जूनमध्ये सरकारच गेलं. किराणा आणायला गेलेल्या माणसाला ट्रॉलीत वाइन टाकता येईल, असं काही झालं नाही.

शेतकऱ्याच्या फायद्याचा मुद्दा पूर्ण खोटा नाही, पण फुगवलेला होता. नाशिक पट्ट्यातली बहुतांश द्राक्षं खाण्यासाठी आणि निर्यातीसाठी पिकतात. वाइनची द्राक्षं वेगळी लावावी लागतात, तीही बहुधा कंपनीशी करार करून. थॉम्पसनचा भाव पडला म्हणून तो माल उचलून वाइनरीत घालता येत नाही.

परमिट आणि गाडी

महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी परवाना लागतो, हे अनेकांना आजही माहीत नसतं. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि तो अजून लागू आहे. एका दिवसाचा परवाना ५ रुपये, वर्षाचा १०० आणि आजन्म १,००० रुपये. तो उत्पादन शुल्क विभागाकडून ऑनलाइनही काढता येतो. वयाचा पुरावा जवळ ठेवा. २ ऑक्टोबर, १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला आणि मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत विक्री बंद असते. लाँग वीकेंड नेमका याच तारखांना जोडून येतो, त्यामुळे बुकिंगआधी कॅलेंडर बघा.

गाडीचं गणित मात्र सगळ्यांनी चुकवलेलं असतं. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. टेस्टिंगचे प्रत्येकी ३० मिलिलिटरचे पाच घोट म्हणजे १५० मिलिलिटर, म्हणजे पूर्ण एक ग्लास. १३ टक्के वाइनच्या एका ग्लासात साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल असतं. मध्यम बांध्याच्या माणसाच्या रक्तात एवढ्यानेच प्रमाण तिशीच्या आसपास जाऊ शकतं, आणि वजन कमी असेल तर वरही. म्हणजे "फक्त टेस्टिंगच केलं" म्हणणारा माणूसही मशीनमध्ये सापडतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास दोन वर्षं आणि १५ हजारांपर्यंत. त्यात घोटीहून बारी मार्गे भंडारदऱ्याला येणारा रस्ता अरुंद, वळणांचा आणि रात्री अंधाराचा. न पिणारा मित्र, स्थानिक ड्रायव्हर किंवा वाइनरीतच मुक्काम, यापैकी एक आधी ठरलेलं हवं.

नाशिकहून पुढे सापुताऱ्याला जायचा बेत असेल तर बाटल्या मित्राच्याच घरी ठेवा. सापुतारा गुजरातेत येतं, तिथे दारूबंदी आहे आणि महाराष्ट्राचं परमिट सीमेपलीकडे चालत नाही.