पायांनी केलेली प्रार्थना

धर्मपंडिताची जागा कोठे, ग्रंथालयात की रस्त्यावर? अब्राहम जोशुआ हेशेल या ज्यू धर्मगुरूने या प्रश्नाचे उत्तर जगून दिले. वॉर्सात १९०७ साली धर्मगुरूंच्या घराण्यात जन्मलेल्या हेशेल यांनी बर्लिनमध्ये हिब्रू प्रेषितांवर प्रबंध लिहिला. गरिबाला नाडणाऱ्याची पूजा देवाला नको, हे त्या प्रेषितांचे सांगणे. १९३८ मध्ये नाझींनी त्यांना जर्मनीतून हाकलले. १९४० साली ते अमेरिकेत पोहोचले. मागे राहिलेली आई आणि तीन बहिणी नाझींच्या आक्रमणाला बळी पडल्या.

ज्याची माणसे वंशद्वेषाने गिळली, त्याने अमेरिकेतला वर्णद्वेष दुसऱ्यांचे दुःख मानले नाही. अन्याय करणारे थोडे असतात, जबाबदार मात्र सारेच, असे ते बजावीत. २१ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथून कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चात ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासमवेत पहिल्या रांगेत चालले. आपले पायच प्रार्थना करीत आहेत, असे त्यांना तेव्हा वाटले.

१९७२ साली ते वारले. प्रेषितांचे ग्रंथ शिकवणारे तेव्हाही पुष्कळ होते. तो अर्थ पायांत उतरवणारे थोडे. आपण शिकलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी स्वतःला मोजायचे ते याच मापाने.