पागडीची खोली की मालकीचा फ्लॅट? गिरगावातल्या चाळींचे गणित समजून घ्या

घर विकत न घेता आयुष्य काढता येते का? अमेरिकेत अनेक जण मोटारहोममध्ये कायमचे राहतात. गाडी त्यांची असते, पण ती उभी करायची जागा दुसऱ्याची. असे व्हिडिओ पाहून आपल्याकडेही ‘घराचे हप्ते हवेत कशाला?’ असा प्रश्न विचारला जातो. गंमत म्हणजे मुंबईत मालकीशिवाय पिढ्यानपिढ्या राहण्याची एक पद्धत फार जुनी आहे. गाडी नाही, चाके नाहीत, पण घरही स्वतःचे नाही. तिचे नाव पागडी.

गिरगावातली फणसवाडी हे त्याचे अगदी नेहमीचे उदाहरण. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावे ऐकूनच इथे कधीकाळी काय असेल याचा अंदाज येतो. पुढे या वाड्यांत चाळी उभ्या राहिल्या. दीडशे-दोनशे चौरस फुटांची खोली, वर पोटमाळा, बाहेर सामाईक गॅलरी आणि टोकाला सामाईक संडास. भाडे इतके कमी की आजच्या भावात दोन माणसांचे हॉटेलचे बिलही त्यातून भागणार नाही. तरीही याच खोलीचा व्यवहार होतो तेव्हा आकडा लाखांत, कधी त्याच्याही पुढे जातो. हे कसे?

पागडी म्हणजे नेमके काय?

पागडी म्हणजे खोलीत शिरताना घरमालकाला एकरकमी दिलेली रक्कम. त्यानंतर दरमहा नाममात्र भाडे. ही रक्कम डिपॉझिटसारखी परत मिळत नाही. तिच्या बदल्यात भाडेकरूला तिथे कायम राहण्याचा कायद्याने संरक्षित हक्क मिळतो. जमीन आणि इमारत मात्र घरमालकाचीच राहते.

खोली दुसऱ्याला द्यायची असेल तर घरमालकाची संमती लागते. नव्या माणसाकडून आलेल्या रकमेत त्याचाही वाटा असतो. तो बहुधा एक तृतीयांशाच्या आसपास ठरतो, पण हा रिवाज आहे. किती टक्के द्यायचे हे कायद्याने ठरवलेले नाही. व्यवहार झाला की भाडेपावती नव्या भाडेकरूच्या नावावर होते.

म्हणजे पागडीवाला हा साधा भाडेकरू नाही आणि मालकही नाही. तो मधला आहे.

भाडे इतके कमी कसे राहिले?

याचे मूळ १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात आहे. महायुद्धानंतर शहरात जागेची प्रचंड टंचाई होती. घरमालकांनी लोकांना नाडू नये म्हणून सरकारने भाडी गोठवली. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते ‘प्रमाण भाडे’ मानले गेले. हा कायदा तात्पुरता होता, पण त्याची मुदत वाढत वाढत अर्धे शतक उलटले.

भाडे वाढवता येत नाही आणि भाडेकरूला काढताही येत नाही म्हटल्यावर घरमालक एकरकमी पैसे मागू लागले. पागडी घेणे तेव्हा गुन्हा होता. तरीही ती सर्रास, रोखीत आणि पावतीशिवाय चालायची.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी आता अवाजवी ठरल्याचे सांगितले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने दोन मोठे बदल केले. पागडी देणे-घेणे कायदेशीर झाले आणि घरमालकाला दरवर्षी ४ टक्के भाडेवाढ करण्याची मुभा मिळाली.

पण ४ टक्के कशाचे? समजा भाडे १५० रुपये आहे. वर्षभराने ते १५६ होईल. अशा ४० खोल्यांच्या चाळीतून मालकाला महिन्याला साधारण सहा हजार रुपये मिळतात. त्यात जिना रंगवून होणेही कठीण. चाळी का ढासळतात याचे बरेचसे उत्तर या हिशेबात आहे. कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. तो करत नसेल तर नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण एका वर्षात वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंतच. १५० रुपये भाडे असेल तर ही रक्कम होते ४५० रुपये!

म्हणूनच १९६९ मध्ये सरकारने वेगळे दुरुस्ती मंडळ आणि त्यासाठी उपकर आणला. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या या इमारतींना आज ‘उपकरप्राप्त’ किंवा बोलीभाषेत ‘सेसच्या बिल्डिंगी’ म्हणतात. हे काम आता म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे आहे.

पागडी आणि मालकी यांत फरक काय?

*कर्ज:* मालकीचा फ्लॅट बँकेकडे तारण ठेवता येतो. पागडीच्या खोलीवर सहसा गृहकर्ज मिळत नाही, कारण तारण ठेवायला मालकीच नसते.

*महिन्याचा खर्च:* पागडीत नाममात्र भाडे आणि थोडेफार इतर आकार. फ्लॅटमध्ये हप्ता, मेंटेनन्स, मालमत्ता कर. शिवाय खरेदीच्या वेळी मुंबईत साधारण ६ टक्के मुद्रांक शुल्क आणि त्यावर नोंदणी शुल्क.

*भाड्याने देणे:* फ्लॅट भाड्याने देऊन तुम्ही दुसरीकडे राहू शकता. पागडीची खोली मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाड्याने दिली तर तेच ताबा गमावण्याचे कारण ठरू शकते.

*बंद ठेवणे:* फ्लॅटला दहा वर्षे कुलूप असले तरी तो तुमचाच. पागडीची खोली सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरात नसेल तर घरमालक ताब्यासाठी दावा लावू शकतो.

*वारसा:* फ्लॅट मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीला देता येतो. पागडीचे तसे नाही.

शेवटचे दोन मुद्दे नीट लक्षात ठेवा. कुटुंबांची सर्वात जास्त फसगत इथेच होते.

खोली कोणाला मिळते?

कायद्यानुसार भाडेकरूच्या मृत्यूनंतर हक्क जातो तो मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. असे कोणीच नसेल तर वारसांपैकी एकाकडे, आणि वारसांत एकमत नसेल तर कोण ते न्यायालय ठरवते. मुलगा की मुलगी हा प्रश्न इथे नाही. तिथे कोण राहत होते हा प्रश्न आहे.

मृत्युपत्रात ‘खोली धाकट्याला द्यावी’ असे लिहून उपयोग नसतो. भाडेहक्क असा मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केले आहे.

आता गिरगावातल्या कितीतरी घरांत दिसणारे चित्र पाहा. आईवडील चाळीत. थोरल्याने लग्नानंतर डोंबिवलीला फ्लॅट घेतला, कारण दीडशे फुटांत दोन संसार मावत नाहीत. मुलगी बोरिवलीला. धाकटा अजून आईवडिलांसोबत. भावंडांच्या मनात खोली ‘सगळ्यांची’ असते. कायद्याच्या नजरेत उद्या ती धाकट्याकडे जाण्याची शक्यता जास्त. आणि धाकटाही विरारला गेला, आईवडील त्याच्याकडे राहायला गेले आणि खोलीला कुलूप लागले, तर ती कोणाचीच न राहण्याचा धोका असतो. दुसरीकडे फ्लॅट घेणे हा यातला मुख्य धोका नाही. खोली ओस पडणे हा आहे.

थोडक्यात, मालकी कागदावर टिकते आणि पागडी राहून टिकते.

घरमालक केव्हाही बाहेर काढू शकतो का?

नाही. भाडे नियमित भरणाऱ्या भाडेकरूला मनात आले म्हणून काढता येत नाही. भाडे थकले तरी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याज आणि दाव्याच्या खर्चासह भरली तर ताबा वाचू शकतो. पाणी किंवा वीज तोडून दबाव आणणेही बेकायदा आहे.

मात्र काही कारणांनी ताबा मागता येतो: पोटभाडेकरू ठेवणे, परवानगीशिवाय पक्के बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव, खोलीचा वापर नसणे, किंवा मालकाला स्वतःसाठी जागेची खरी गरज असणे. हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. गिरगावकरांना ते धोबी तलावाला, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. निकाल मात्र इतक्या जवळ नसतो. वर्षानुवर्षे तारखा पडतात.

इमारत पडली किंवा पाडली तर? तेवढ्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिला. पण हक्क शिल्लक असणे आणि डोक्यावर छप्पर असणे यांत फार अंतर आहे.

मग लोक चाळ सोडत का नाहीत?

एक कारण सवयीचे आणि शेजाराचे. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो, अशा परिसरातून माणूस सहज उठत नाही. नोकरी, शाळा, दवाखाना जवळ. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावला मेट्रोचे स्थानकही आहे.

दुसरे कारण पुनर्विकासाचे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या तरतुदीनुसार उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास झाला तर निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर विनामूल्य आणि मालकी हक्काने मिळते. दीडशे फुटांची भाड्याची खोली जाऊन ३०० फुटांचा स्वतःचा फ्लॅट, तोही दक्षिण मुंबईत. त्यासाठी ५१ टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते. व्यवहारात खोलीची किंमत लाखांत जाते ती बऱ्याच अंशी या आशेमुळे.

पण आशेला तारीख नसते. मालकांतले वाद, भाडेकरूंतले दोन गट, विकासकाची अडचण, रखडलेले बांधकाम. तोवर संक्रमण शिबिर किंवा विकासक देईल त्या भाड्यावर दुसरीकडे राहणे. आणि जी चाळ वेळेत रिकामी होत नाही तिथे जिवाशी खेळ असतो. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारात पुनर्विकासाच्या वाटेवर असलेली हुसैनी इमारत कोसळली. त्यात ३० हून अधिक माणसे गेली.

कायद्याने भाडेकरूंना मालक करता आले नसते का?

प्रयत्न झाला. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात नवे प्रकरण घालण्यात आले. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर मासिक भाड्याच्या १०० पट रक्कम मालकाला देऊन इमारत संपादित करता येईल, अशी ती तरतूद. घरमालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिले.

त्यातून निघालेला घटनात्मक प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत गेला: खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक संसाधने’ मानता येते का? ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने उत्तर आले की प्रत्येक खासगी मालमत्ता तशी मानता येणार नाही. देशभर चर्चा झालेल्या या निकालाची सुरुवात मुंबईच्या पागडीच्या चाळींतून झाली होती, हे अनेकांना ठाऊक नसते.

पागडीची खोली असेल तर आज काय तपासावे?

१. भाडेपावती कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्या नावावर असेल तर हयात आणि तिथे राहणाऱ्या कुटुंबीयाच्या नावावर करून घेण्याची लेखी मागणी करा. भाड्याची पावती देणे घरमालकावर बंधनकारक आहे.

२. तिथे राहण्याचे पुरावे एकाच पत्त्याचे आहेत का? मतदार यादी, शिधापत्रिका, वीज व गॅसचे बिल, मुलांचे शाळेचे दाखले.

३. खोली घेत असाल तर करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. रोखीतला, पावतीशिवायचा व्यवहार पुढे सिद्ध करणे कठीण. खोली देत असाल तर येणाऱ्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो.

४. भाडेहक्क केव्हाचा आहे? ३३(७) खाली १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेले भाडेहक्क धरले जात नाहीत. खोल्यांचे तुकडे करून वाढवलेल्या जागांच्या बाबतीत हे आधी तपासा.

५. इमारत धोकादायक ठरली आहे का? मालकीची वाट पाहताना हा प्रश्न सर्वात आधीचा.

मग निवड कशी करावी?

ज्याला पुढची काही वर्षे गिरगावातच राहायचे आहे, ज्याच्याकडे मोठ्या कर्जाची ताकद नाही आणि ज्याची इमारत शाबूत आहे, त्याला पागडीइतके स्वस्त आणि सुरक्षित राहणे मुंबईत दुसरे नाही. ज्याला गावोगावी बदली होते, ज्याला घर भाड्याने देऊन उत्पन्न हवे आहे किंवा मुलांत रीतसर वाटणी करायची आहे, त्याने लांबचा का होईना, मालकीचा फ्लॅट पाहावा.

आणि ज्या कुटुंबाला खोली राखून ठेवायची आहे, त्याने ‘ती कोणाला मिळणार’ याआधी ‘तिथे कोण राहणार’ हे ठरवावे. हे बोलणे आईवडील हयात असताना, सगळी भावंडे समोर बसून झाले तर बरे. नंतर तेच बोलणे लघुवाद न्यायालयात वकिलांच्या तोंडून होते.