जलशक्ती ते पुसा हायड्रोजेल : विघटनशील बहुवारिक जाळ्यांचा इतिहास व माणदेश

माण नदीकाठचे म्हसवड सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. जवळचा राजेवाडी तलाव ब्रिटिश काळातील. तरीही २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांसाठी चारा छावणी उभारावी लागली. अशा प्रदेशात पाणी अडविण्याइतकेच ते पिकाच्या मुळांशी टिकविणे महत्त्वाचे ठरते. या गरजेला रसायनशास्त्राने दिलेल्या उत्तराचा इतिहास मात्र मराठीत फारसा चर्चिला गेलेला नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत स्टार्चवर अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या साखळ्या कलम करून, पुढे अल्कलीच्या प्रक्रियेने 'सुपर स्लर्पर' तयार करण्यात आला. तो स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शुद्ध पाणी शोषीत असे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात स्टार्चवरच आधारित 'जलशक्ती' विकसित केली. नाव अर्थपूर्ण होते, काहीसे महत्त्वाकांक्षीही.

या पदार्थांचे मर्म त्यांच्या जाळ्यात आहे. बहुवारिकाच्या लांब साखळ्या आडव्या बंधांनी जोडल्या की पदार्थ पाण्यात विरघळत नाही, केवळ फुगतो. बंध विरळ असतील तर तो अधिक फुगतो, पण जेल लिबलिबीत होते. बंध दाट झाले की शोषण घटते. फ्लोरी व रेनर यांनी १९४३ मध्ये या समतोलाचे गणित मांडले होते. आरंभीच्या काळात सारे लक्ष 'किती पट पाणी' या एकाच आकड्यावर राहिले. काम संपल्यावर जाळ्याचे जमिनीत काय होते, हा प्रश्न मागे पडला. स्टार्च मातीतील सूक्ष्मजीव खातात. कलम केलेल्या साखळीचा कार्बन-कार्बन कणा मात्र सहजी तुटत नाही. आडवे बंध तुटणारे योजले, तरी कणा उरतोच. म्हणूनच विघटनशील जाळ्याची रचना करताना कण्याचाच विचार करावा लागतो.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे 'पुसा हायड्रोजेल' सेल्युलोजवर आधारित आहे. तेही अर्धकृत्रिमच; त्यामुळे प्रश्न अर्धाच सुटला असे म्हणावे लागेल.

माणदेशासारख्या कोरडवाहू भागात आणखी एक अडचण संभवते. विहिरीचे पाणी जड असल्यास त्यातील कॅल्शियम जाळ्यातील ऋणभारित गटांना एकत्र बांधते. ते स्वतःच आडवा बंध बनते आणि प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात शेकडो पट फुगणारा कण शेतात त्याच्या अल्पांशानेच फुगतो.