लदेणीच्या वाटा

रेल्वे येण्याआधी वाशीमच्या पठारावरून दूरदेशी माल धाडायचा म्हणजे बंजाऱ्यांच्या नायकाशी बोलणी करायची. गाड्या होत्या, पण पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतले की बैलजोडीलाही ते निघत नसे, आणि घाटात तर गाडी अडचणच. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांनी गोणी टाकली की रस्ता असो वा नसो, माल पुढे सरके. या पाठीवरच्या वाहतुकीला बंजारा बोलीत ‘लदेणी’ म्हणतात. किनाऱ्याकडून मीठ यायचे, इकडून धान्य आणि कापूस जायचा. ‘लमाण’ हे नाव ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून पडले, असे सांगतात.

माल नेणारा आणि त्याचे घर वेगळे नव्हते, हे या धंद्याचे खरे वैशिष्ट्य. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. बायका-मुले धरून अशा तांड्यात सहा-सातशे माणसे असत, आणि दिवसाकाठी वाट कापली जाई ती सहा-सात मैल. एवढ्या संथपणात हिशेब होता. बैल चरत चरत चालत, म्हणून वैरणीला दमडी लागत नसे आणि भाडे कमी पडे. मुक्कामाला गोण्यांची थप्पी रचायची, तीच भिंत. तिच्या आडोशाला माणसे निजत.

मुक्काम कुठे करायचा, हे कधी बैलच ठरवी. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातील कंबरलेज या अधिकाऱ्याने बंजाऱ्यांची जी माहिती नोंदवली, ती १८८२ मध्ये पुन्हा छापली गेली. तीत ‘हातादिया’ या बैलाचे वर्णन आहे. हा बालाजीला सोडलेला बैल. त्याच्या पाठीवर ओझे कधीच नाही. अंगावर तांबडे रेशीम, गळ्यात घंटा, वर गोंडे आणि कवड्या. तो आपण होऊन जिथे बसेल, तिथे त्या दिवसाचा तळ.

मोठे गिऱ्हाईक म्हणजे फौजा. शाहजहानच्या दक्षिण मोहिमेत आसफखानाच्या सैन्याला भंगी आणि जंगी या नायकांनी रसद पुरवली, अशी परंपरा सांगते. त्या बदल्यात घरांतल्या रांजणांचे पाणी आणि छपरांचे गवत घेण्याची मुभा त्यांना ताम्रपटाने मिळाली म्हणे. परंपरेतला तपशील बाजूला ठेवला तरी मागणी खरी वाटते: एवढ्या बैलांना पाणी आणि चारा याहून मोठी बिदागी कोणती? १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीच्या फौजेलाही बंजारेच धान्य पोचवत. त्याच मोहिमेतली अडगाव आणि गाविलगडची लढाई वऱ्हाडातच झाली.

१८६७ मध्ये मुंबईची रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोचली आणि लांब पल्ल्याचे भाडे गेले. वाशीम मात्र रुळांपासून सुमारे ऐंशी किलोमीटर दूर राहिले. त्यामुळे वाहतूक संपली नाही, तिचा पल्ला आखडला: कापूस स्टेशनापर्यंत न्यायचा, तोही आता गाडीतून. गाडीवान संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन घरी परतू शकतो. घर सोबत नेण्याचे कारणच उरले नाही. वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याच्या कापसाला पुढे मूर्तिजापूर–यवतमाळ हा ७६२ मिलिमीटर रुंदीचा रूळ मिळाला. किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखालची हीच ‘शकुंतला’ गाडी. मँचेस्टरला १९२१ मध्ये घडलेले वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होते. खुद्द वाशीमलाही पुढे मीटरगेज रूळ आले; तिथून जाणारा हा अकोला–पूर्णा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला.

तांडे थांबले ते गावांच्या कडेला, माळावर. काहींनी शेती धरली, बरेचजण मजुरीला लागले. फिरत्या काफिल्याचे नाव स्थिर वस्तीला चिकटले. वाशीम जिल्ह्यात आज ‘तांडा’ म्हणजे घरे, शाळा आणि हातपंप असलेली वस्ती. नायक आणि कारभारी ही पदेही टिकली, फक्त त्यांच्याकडे आता बैलांऐवजी पंचायतीचे तंटे आले. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेला तिथे तेलंगणा-कर्नाटकापासून तांडे येतात, ट्रक आणि जीप भरून, स्वयंपाकाची भांडी बरोबर घेऊन.