वाळवंटातली वाट

वाळवंटाची सहल करून आलो म्हटले की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला – "उंटावर बसलात का?" बसले हो! सत्तरी उलटल्यावर उंट उठताना पोटात जो गोळा येतो, तो एकदा अनुभवावाच. पण आज सांगायचे आहे ते पूर्वी त्या उंटाच्या पाठीवर काय लादलेले असायचे, त्याबद्दल.

आमचा बावीस जणांचा ग्रुप, बहुतेक सगळी निवृत्त मंडळी. जोधपूर, जैसलमेर, बिकानेर – सात दिवस, बसने. जोधपूर ते जैसलमेर अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या वर. खिडकीबाहेर खेजडीची झाडे, शेळ्यामेंढ्या आणि मैलोगणती ओसाड माळ. मागच्या सीटवरून एका काकांनी विचारले, "एवढ्या उजाड मुलखात हवेल्या बांधायला पैसा आला कुठून?" गाइड हसून म्हणाला, "राजा-महाराजा थे, साहब!" चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला हे उत्तर कसे पचावे?

नकाशा डोळ्यासमोर आणा. जैसलमेर वसले ११५६ मध्ये, रावळ जैसलच्या काळात. जोधपूर १४५९ मध्ये राव जोधाने वसवले आणि बिकानेर त्याच्याच मुलाने, राव बिकाने, १४८८ मध्ये. एका बाजूला सिंध आणि मुलतान, दुसऱ्या बाजूला दिल्ली आणि गुजरात. मध्ये हे वाळवंट. आपल्याला ते रिकामे दिसते, पण उंटांच्या तांड्यांसाठी तो हमरस्ता होता. तांड्याला लागते पाणी, मुक्काम आणि संरक्षण. ते जो देईल, तो जकात घेईल. जैसलमेर उभे राहिले ते या जकातीवर आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर.

पटव्यांची हवेली बघताना सगळे माना वर करून झरोके बघत होते. एक नव्हे, पाच हवेल्या आहेत त्या. गुमानचंद पटवा यांनी १८०५ च्या सुमारास काम सुरू केले, पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ते चालू राहिले. जरीचा व्यापार, सावकारी आणि अफू यांतून हा पैसा आला असे सांगतात. अफू म्हटल्यावर आमच्यातल्या दोन-तीन जणी दचकल्या!

आता यात आपला संबंध बघा. ही अफू पिकत असे माळव्यात, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात. ती चीनला जाई. इंग्रजांना हवे होते की तिने मुंबईमार्गे जावे आणि त्यांचा कर भरावा. व्यापारी कसले ऐकतात! पाली, जैसलमेर, कराची असा वाळवंटातला वळसा घालून माल बंदराला लागे, आणि तिथून जहाजाने पोर्तुगीजांच्या दमणला. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि ही वाट बंद झाली. माल मुंबईकडे वळला. मुंबईच्या ज्या शेठ मंडळींनी चीनच्या व्यापारात कापूस आणि अफूवर पैसा केला, त्यांतले एक जमशेटजी जीजीभॉय. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय आपण सगळे ओळखतो. मुंबई मोठी होत गेली आणि जैसलमेर ओस पडत गेले, यामागे एकाच मालाची बदललेली वाट हे एक कारण आहे. पुढे रेल्वे आणि बंदरे आली, तांडे संपले. १९४७ मध्ये सरहद्द आखली गेली आणि सिंधकडे जाणारा उरलासुरला रस्ताही तुटला.

दुसरी गोष्ट पाण्याची. तिथे वर्षाला फार तर सात-आठ इंच पाऊस. चौदाव्या शतकात रावळ गडसीने बांधून काढलेल्या गडीसर तलावाने शेकडो वर्षे गावाची तहान भागवली. जवळच कुलधरा नावाचे ओसाड गाव आहे. तिथे गाइड भुताच्या आणि सुंदर मुलीच्या गोष्टी रंगवून सांगतो. मला मात्र त्या पालीवाल ब्राह्मणांचे 'खडीन' मोलाचे वाटले. खडकाळ उतारावरून वाहणारे पाणी मातीच्या बांधाने अडवायचे, जमिनीत मुरू द्यायचे आणि मग त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. अशी हुशार माणसे एकोणिसाव्या शतकात गावे सोडून गेली. त्यामागे दिवाण सालिमसिंहाच्या करांचा जाच होता असे मानतात, आणि तो मला भुतापेक्षा खरा वाटतो.

आज जैसलमेरला नवे तांडे येतात. ते म्हणजे आपण! १९७४ मध्ये सत्यजित राय यांचा 'सोनार केल्ला' आला आणि आधी बंगाली, मग सगळा देश तिथे लोटला. किल्ल्यात आजही दोन-तीन हजार माणसे राहतात, शिवाय हॉटेले आहेत. कालव्याचे पाणी नळाने वर पोचले. पण ती टेकडी ठिसूळ दगडाची, चिकणमातीच्या थरांची. घागरी मोजून वापरणाऱ्या वस्तीसाठी ती ठीक होती. गळक्या नळांचे आणि गटारांचे पाणी मुरू लागले, तशा भिंती खचल्या, बुरूज ढासळले. जगातल्या धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत १९९६ मध्येच या किल्ल्याचे नाव आले होते. वेढ्यांना पुरून उरलेला किल्ला आमच्या बादलीभर गरम पाण्याने खिळखिळा व्हावा, हे मनाला फार लागले.

मुक्कामाला किल्ल्यातल्या हॉटेलात खोल्या मिळत होत्या. मी नको म्हटले. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या दोन बादल्यांनी किल्ला वाचणार आहे का?" याला माझ्याकडे सडेतोड उत्तर नव्हते. एवढेच म्हटले, "प्रत्येकाने असेच म्हटले म्हणून तर तो खचला ना?" बरीच चर्चा झाली, थोडी नाराजीही. शेवटी आम्ही खाली गावात राहिलो. आणि खरे सांगते, संध्याकाळच्या उन्हात पिवळाधमक किल्ला पूर्ण दिसतो तो खालूनच. नणंदबाईंनीच त्याचे सगळ्यात जास्त फोटो काढले.

असो. तुम्ही जाल तेव्हा किल्ल्यात दिवसभर हिंडा, जैन मंदिरे बघा, तिथल्या दुकानांत चार पैसे खर्च करा. त्या लोकांचेही पोट त्यावर आहे. झोपायला मात्र खाली या.