कसणाऱ्याचा हक्क : प्रेअरीवरील होमस्टेडर आणि मुळशीचा मावळा

प्रास्ताविक

जमिनीवरील हक्क कशातून निर्माण होतो, वास्तव्यातून, श्रमातून की सरकारी कागदातून, हा कृषि-इतिहासातील एक मूलभूत प्रश्न होय. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील प्रेअरी या गवताळ प्रदेशात वसाहत करणारा ‘होमस्टेडर’ आणि पुणे जिल्ह्यातील मुळशी खोऱ्यात भात पिकविणारा मावळा यांच्या जीवनक्रमाची तुलना केली असता या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे समोर येतात. मुळशी सत्याग्रहाचे विवेचन बहुधा नेतृत्व आणि लढ्याचे तंत्र या अंगांनी होते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार जमीन कसणाऱ्याच्या हक्काच्या दृष्टीने केला आहे.

होमस्टेड कायदा : श्रमाला मालकीचे फळ

अमेरिकेत २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायदा मंजूर झाला. त्यानुसार कुटुंबप्रमुखास अथवा २१ वर्षांवरील व्यक्तीस १६० एकर सरकारी जमीन अल्प शुल्कात मागता येई. पाच वर्षे तेथे राहून, घर बांधून, जमीन कसून दाखविली की तिची मालकी मिळे. १ जानेवारी १८६३ रोजी, कायदा अमलात आला त्याच दिवशी, नेब्रास्कात डॅनियल फ्रीमन याने जमिनीची मागणी नोंदविली. पहिल्या होमस्टेडरांपैकी एक म्हणून त्याची गणना होते. १९०८ मध्ये त्याचे निधन झाले. त्याची जमीन १९३६ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली.

सर्वांच्या वाट्याला असे दैव आले नाही. लाकडाच्या अभावी गवताळ मातीच्या ढेकळांची घरे बांधून राहणारी अनेक कुटुंबे अवर्षण, हिमवादळे आणि कर्जे यांमुळे पाच वर्षांपूर्वीच निघून गेली. तरीही सुमारे १६ लाख अर्जदारांना मिळून सुमारे २७ कोटी एकर जमीन प्राप्त झाली. मात्र ही जमीन निर्जन नव्हती. लाकोटा, पॉनी आदी मूळ रहिवाशांना हटवूनच ती ‘सरकारी’ झाली होती. एकाच्या हक्काचा प्रारंभ हा दुसऱ्याच्या हक्काचा अंत होता, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

मुळशी खोऱ्यातील शेतकरी

पौडहून ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या मार्गालगत आज मुळशी जलाशय पसरलेला दिसतो. जलाशय होण्यापूर्वी मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात भाताची खाचरे होती. ताम्हिणीच्या परिसरात सह्याद्रीचा अतिवृष्टीचा पट्टा येतो. या पावसाशी मेळ घालणारी शेती मावळ्याने पिढ्यान्‌पिढ्या घडविली. उन्हाळ्यात राब भाजणे, पहिल्या पावसात रोपे तयार करणे, आषाढात लावणी, उतारावर नाचणी आणि वरी असा हा क्रम होय. आंबेमोहर भातासाठी हा मुलूख प्रसिद्ध आहे. बांध घालून उतारावर खाचरे करणे हे प्रेअरीची जमीन नांगराखाली आणण्याइतकेच कष्टाचे काम होते. तथापि या श्रमांची नोंद कागदावर नेहमीच झाली नाही. बरीच जमीन पुण्यातील सावकारांकडे गेली होती आणि पूर्वीचा मालक तीच जमीन कूळ म्हणून कसत होता.

भूसंपादन आणि सत्याग्रह

१९१९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीने मुळशी येथे धरण बांधून जलविद्युत निर्माण करण्याची योजना हाती घेतली. पूर्वेकडे भीमेला जाणारे पाणी पश्चिमेस कोकणात भिरा येथे सोडून मुंबईला वीज पुरवावयाची होती. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेतला. त्यात रोख मोबदल्याची तरतूद होती, पुनर्वसनाचे बंधन नव्हते.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रहास प्रारंभ झाला. धरणाचे काम काही काळ थांबले, पण पुढे पुन्हा सुरू झाले. पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आदींनी तुरुंगवास भोगला. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यास जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

लढा का मोडला, याचे उत्तर केवळ दडपशाहीत सापडत नाही. सावकार-मालकासाठी जमीन ही गुंतवणूक होती. वाजवी दर मिळताच तिचे रूपांतर पैशात होऊ शकत होते. कुळासाठी तीच जमीन घर, अन्न आणि गावातील स्थान होती. ज्याचा कब्जा होता पण कागद नव्हता, त्याला मोबदल्यातील आपला हिस्सा सिद्ध करणे दुष्कर होते. १९२४ अखेर आंदोलन विरले. १९२७ मध्ये भिरा येथे वीजनिर्मिती सुरू झाली.

उशिरा आलेला कायदा

श्रमातून मालकी हे होमस्टेड कायद्यामागील तत्त्व महाराष्ट्रात कूळकायद्याच्या रूपाने आले. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने कुळांना संरक्षण दिले. पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिनी’ कसणारे कूळ, कायद्याच्या अटींना अधीन राहून, किंमत भरून जमिनीचे मालक होण्यास पात्र ठरले. मुळशीतील बुडालेल्या खाचरांचे कूळ मात्र तीस वर्षे आधीच जमिनीवरून उठले होते. जी जमीन पाण्याखाली गेली, तिच्यावर ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व लागू होणे शक्य नव्हते. पुनर्वसनासंबंधीचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ मध्ये झाला आणि १८९४ च्या कायद्याची जागा २०१३ च्या कायद्याने घेतली. हे दोन्ही टप्पे मुळशीच्या विस्थापितांच्या पिढीनंतरचे होत.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, श्रमाच्या दृष्टीने मुळशीचा मावळा होमस्टेडरचा समधर्मी होता. परंतु राज्यसंस्थेशी असलेल्या संबंधाच्या दृष्टीने त्याचे स्थान प्रेअरीवरील मूळ रहिवाशांच्या जवळचे होते. होमस्टेडरच्या पाच वर्षांच्या वास्तव्यास कायद्याने मालकी दिली. मावळ्याच्या अनेक पिढ्यांच्या वास्तव्यास सार्वजनिक प्रयोजनापुढे किंमत उरली नाही. डॅनियल फ्रीमन मृत्यूनंतरही इतिहासात नावानिशी राहिला. मुळशीच्या बाबतीत नेत्यांची नावे राहिली, कुळांची राहिली नाहीत. त्यामुळे मुळशीचा इतिहास पूर्ण करावयाचा तर सत्याग्रहाच्या दिनक्रमाबरोबरच पीकपाहणी, खंडाचे करार आणि मोबदल्याचे निवाडे यांचे गावनिहाय वाचन होणे अगत्याचे आहे. कसणाऱ्याच्या हक्काचे जे पुरावे शिल्लक असतील, ते तेथेच सापडण्याचा संभव आहे.